उभयपक्षांना अमान्य

करारनाम्यावर सही करण्याआधी तो नीट वाचावा, असं शहाणी माणसं सांगत असतात. अनुस्वाररावांनी तो वाचला होता. इतका नीट वाचला होता, की वाचला नसता तर फार बरं झालं असतं, असं पुढे त्यांच्या बायकोला वाटलं, मेहुण्याला वाटलं, समोरच्या दातांच्या डॉक्टरांना वाटलं आणि सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, त्यांना स्वतःलाही वाटलं.

अनुस्वारराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. उभा जन्म त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला. निवृत्त झाले, पण हात स्वस्थ बसेनात. मग इमारतीच्या फलकावरच्या सूचना ते लाल पेनानं दुरुस्त करू लागले. 'पाणि जपून वापरा' यातला 'णि' त्यांनी दीर्घ केला, तेव्हा कौतुक झालं. 'लिफ्ट नादुरूस्त आहे' यातला 'रू' त्यांनी ऱ्हस्व केला, तेव्हा लोक म्हणाले, लिफ्ट दुरुस्त केली असती तर जास्त बरं झालं असतं. तेव्हापासून तोंडावर 'काका' आणि पाठ वळली की 'अनुस्वार', असा त्यांचा दुहेरी संसार सुरू झाला.

खरा संसार पुढच्या खोलीत चालत असे. तिथे त्यांच्या बायकोचा शिवणवर्ग होता. पाच मशीन, कापायचं एक लांबलचक टेबल, भिंतीवर कागदी मापांचे गठ्ठे, आणि दुपारी दार उघडलं की येणाऱ्या बायका. कुणाला नवऱ्यानं टाकलेलं, कुणाला सासरी तोंड उघडायची चोरी, कुणी नुसतीच घरी बसून कंटाळलेली. त्या यायच्या, शिवायच्या, बोलायच्या आणि हसायच्या. अनुस्वारराव त्या वेळी आतल्या खोलीत दार लावून वामकुक्षी घेत. वर्गात काय चालतं याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. बायकोनं एकदा सांगितलं होतं, "कामाच्या गप्पा असतात." त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

तर या वर्गाच्या बरोबर डोक्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत. एकटे. त्यांनी कार्यकारिणीत ठराव केला, की राहत्या घरात धंदा चालवणं नियमाला धरून नाही, वर्ग बंद करावा. आधीच्या कार्यकारिणीनं वर्गाला रीतसर लेखी परवानगी दिली होती, हे त्यांनी मानलं नाही. अनुस्वाररावांनी ठरावाविरुद्ध सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या कचेरीत दाद मागितली. आता वकील हवा.

वकील मेहुण्यानं सुचवला. "भावजी, काळजी करू नका, माझा अगदी जवळचा आहे," असं तो म्हणाला. कितपत जवळचा, याचा उलगडा नंतर झाला. दोघांची घरं एकाच गल्लीत होती.

वकीलसाहेबांनी मूळ परवानगीपत्र ठेवून घेतलं आणि करारनामा पुढे सरकवला. तो पाहिल्याबरोबर अनुस्वाररावांचे डोळे चमकले. इतक्या चुका त्यांनी छापखाना सोडल्यापासून एके ठिकाणी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. छापखान्यातल्या त्यांच्या जुन्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की अर्थामध्ये शिरलास की अक्षर सुटतं, तेव्हा अर्थ लेखकानं बघावा, आपण अक्षर बघायचं. अनुस्वारराव त्या शिकवणीला जागले. ते भराभर काने काढत गेले, वेलांट्या फिरवत गेले, चिकटलेले शब्द सोडवत गेले आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी समासात आपली आद्याक्षरं ठोकत गेले. वकीलसाहेब आधी दचकले. इतका जागरूक अशील त्यांना कधी भेटला नव्हता.

"काही आक्षेप आहेत का?" त्यांनी जपून विचारलं.

"आक्षेप कसले? अर्थाशी माझा काही संबंध नाही," अनुस्वारराव अभिमानानं म्हणाले. "तुमचा टायपिस्ट मात्र बदला."

टायपिस्टनं सगळ्या दुरुस्त्यांसकट कोरी प्रत काढली, दोघांनी सह्या केल्या, आणि लाल खुणांची जुनी प्रत वकीलसाहेबांनी जपून फाइलला जोडून ठेवली. असा माणूस कोणतीही गोष्ट उगीच जपून ठेवत नाही, हे अनुस्वाररावांच्या लक्षात यायला हवं होतं.

सुनावणीच्या दिवशी वकीलसाहेब आलेच नाहीत. म्हणजे आले होते, त्याच इमारतीत होते, पण वरच्या मजल्यावर भलत्याच खोलीत भलत्याच माणसाचा भलताच मुद्दा तावातावानं मांडत होते. खाली पुकारा झाला, अनुस्वारराव उभे राहिले, काहीतरी पुटपुटले, आणि निकाल लागला. वर्ग महिनाअखेर बंद. अपील करायचं तर त्याआधी, आणि सोबत मूळ परवानगीपत्र जोडलंच पाहिजे.

घरी आल्यावर बायकोनं काय झालं ते ओळखलं. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आत गेली, एक जुनी चादर आणली आणि कोपऱ्यातल्या मशीनवर पांघरली. ते मशीन वापरणाऱ्या मुलीच्या सासरच्यांनी 'बंदच होणार तर कशाला जातेस' म्हणून त्याच दिवशी तिचं येणं थांबवलं होतं. अनुस्वारराव तसेच उठून वकिलाकडे गेले.

"माझे कागद परत द्या. मी दुसरा वकील करतो."

"म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही!"

"म्हणजे आपल्यात वाद आहे म्हणायचा?"

"आहे की! चांगला मोठा आहे!"

"तुमच्याच तोंडून आलं, बरं झालं." वकीलसाहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. "लिहून घ्या हो, वाद आहे म्हणतात. आता काका, करारनाम्याचं विसावं कलम वाचा. वाद मिटेपर्यंत सर्व कागद वकिलाच्या ताब्यात राहतील."

"मग मिटवा वाद!"

"मिटवू की. एकविसावं कलम वाचा."

अनुस्वाररावांनी वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादं वाक्य अर्थासाठी वाचलं असावं. 'वकील व पक्षकार यांच्यात वाद उद्भवल्यास तो न्यायालयात न नेता उभयपक्षांना अमान्य अशा एकमेव लवादाकडे सोपवला जाईल, व लवादाचा निर्णय अंतिम राहील.'

"अमान्य?" त्यांचा आवाज चिरकला. "ही चूक आहे! उभयपक्षांना मान्य, असं हवं! दोघांनाही नको असलेला लवाद कुणी नेमतं का?"

वकीलसाहेबांनी शांतपणे जुनी प्रत उलगडली. मूळ टायपिंगमध्ये होतं 'उभयपक्षांनाअ मान्य'. टायपिस्टचं बोट घसरून एक 'अ' आगाऊ पडला होता. तो नुसता उडवायचा होता. पण अनुस्वारराव त्या दिवशी रंगात आले होते. त्यांना दिसलं ते एवढंच, की मधली मोकळी जागा चुकलीय. त्यांनी लाल पेनाच्या एका झोकदार वळणानं ती जागा 'अ'च्या अलीकडे आणली, 'अ' मान्यला चिकटवला आणि समासात आद्याक्षरं टाकली. वळण खरंच झोकदार होतं. छापखान्यात शिकाऊ मुलांना दाखवावं असं.

"पण मला तसं म्हणायचं नव्हतं!"

"तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मी कसं सांगू? अर्थाशी तुमचा संबंध नाही, हे तुम्हीच म्हणालात," वकीलसाहेब म्हणाले. "आणा शोधून असा लवाद. तोवर फाइल इथं सुरक्षित आहे."

त्यांना फाइल का सोडायची नव्हती हे उघड होतं. दुसऱ्या वकिलाच्या हाती ती गेली असती, तर सुनावणीच्या दिवशी हे कुठे होते हा प्रश्न चारचौघांत आला असता. अनुस्वारराव घामाघूम होऊन बाहेर पडले. घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, फक्त 'अ' कुणी सरकवला ते सांगितलं नाही.

"टायपिस्टनं घोळ घातला," ते म्हणाले.

"मग शोधा की तसा माणूस," ती म्हणाली. "तुम्हाला न आवडणारी माणसं काय थोडी आहेत?"

ऐकायला सोपं होतं. पण करायला गेल्यावर कळलं, की दोन भांडणाऱ्या माणसांना एकाच वेळी एकच माणूस नावडणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. लोकांना उगीच वाटतं, एकमत होणं अवघड असतं.

पहिला मेहुणा. तो अशिलाचा नातेवाईक, म्हणून वकिलाला अमान्य. राहता राहिले अनुस्वारराव. त्यांनी मेहुण्याला सोबत नेलं आणि वकिलासमोर घसा खाकरून सांगितलं, "हा माणूस मला अजिबात मान्य नाही."

"कारण?" वकिलानं विचारलं. "नुसतं म्हणून चालत नाही. मनापासून अमान्य पाहिजे."

अनुस्वारराव क्षणभर घुटमळले आणि मग सुटले. उसनं नेलेली शिडी, लग्नात घातलेला घोळ, 'अगदी जवळचा' वकील, सगळं बाहेर आलं. लग्नापासून आजवर साठलेलं इतक्या ओघानं बाहेर आलं, की वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवून ऐकलं. मेहुण्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"कमाल आहे," वकीलसाहेब शेवटी म्हणाले. "इतकं ऐकून घेऊन उलट शब्द बोलला नाही. असा संयमी माणूस लवाद म्हणून मला एकदम मान्य आहे. म्हणजे बाद."

मेहुणा सरळ बहिणीकडे गेला. त्या संध्याकाळी घरात जेवण झालं, पण बोलणं झालं नाही, आणि सकाळी आणखी एका मशीनवर चादर पडलेली दिसली.

मग समोरचे दातांचे डॉक्टर. ही जोडी जमण्यासारखी होती. डॉक्टरांनी अनुस्वाररावांची दुखरी दाढ सोडून शेजारची उपटली होती आणि वकिलाला बसवलेली कवळी बोलताना टकटक वाजायची. दोघांनी एका सुरात 'अमान्य' म्हटलं, तेव्हा अनुस्वाररावांना वाटलं, सुटलो. डॉक्टरही खूश झाले. आपल्याला कुणीतरी न्याय करायला बोलावतंय, याचंच त्यांना अप्रूप. कामकाज सुरू करण्याआधी ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची कवळी वाजतेय, आधी ती बघू." त्यांनी कवळी काढली, कानशीनं दोन ठिकाणी घासली आणि परत बसवली. वकीलसाहेब 'वादी-प्रतिवादी' असं म्हणून पाहू लागले. टकटक बंद! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"डॉक्टर, तुम्ही मला मान्य आहात," ते गहिवरून म्हणाले.

"मान्य म्हणू नका हो!" अनुस्वारराव ओरडले, पण उशीर झाला होता.

तिसऱ्या मशीनवर चादर पडली तेव्हा अनुस्वाररावांचा जेवता जेवता हात थांबला. रोज दुपारी आतल्या खोलीपर्यंत येणारा मशीनचा आवाज आता अर्धा झाला होता, आणि हसण्याचा तर बंदच. त्या आवाजाशिवाय त्यांना झोप लागेना. ते उठून पुढच्या खोलीत येऊन बसले. बायको टेबलावरचे खडूचे तुकडे डब्यात भरत होती.

"सापडत नाही गं कुणी," ते म्हणाले. "मला नको आणि त्या वकिलालाही नको, असा माणूसच नाही या इमारतीत."

बायकोनं वैतागून छताकडे बोट केलं. "मग वर जा!"

हे तिनं रागानं म्हटलं होतं आणि त्याचा अर्थ बहुधा वेगळा होता. पण अनुस्वारराव छताकडे बघतच राहिले.

वकीलसाहेबांना त्यांनी जेव्हा सेक्रेटरींचं नाव सांगितलं, तेव्हा आधी ते खो खो हसले आणि मग हसता हसता गप्प झाले. ज्याच्याविरुद्ध खटला, तोच लवाद. फाइल सुटली तर अपील होणार ते त्याच्याचविरुद्ध. तो कशाला फाइल सोडायला सांगेल? वकीलसाहेबांचा चेहरा उजळला.

"अमान्य!" ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "शंभर टक्के अमान्य! लिहून देतो."

सेक्रेटरींनी मात्र विचार करायला वेळ मागितला आणि नेमकी महिन्याच्या शेवटच्या दिवसाची सकाळ दिली. संध्याकाळी कचेरी बंद होईपर्यंत अपील दाखल व्हायला हवं होतं. रुसलेला मेहुणा बहिणीच्या शब्दाखातर नव्या वकिलाकडून अपील लिहून घेऊन खाली स्कूटरवर बसून होता. भावजींशी बोलत नव्हता, पण स्कूटर चालू ठेवली होती.

वर गेल्यावर अनुस्वारराव दारातच थबकले. सेक्रेटरी इस्त्रीचा कोट घालून बसले होते. पुढे टेबल, त्यावर हिरवं कापड. पलीकडे एक हाताची खुर्ची आणि बाजूला एक प्लास्टिकची, रिकामी. वकीलसाहेब बॅग घेऊन भिंतीलगतच्या दिवाणावर आधीच येऊन बसले होते, आणि लाल खुणांची जुनी प्रत त्यांनी टेबलावर ठेवली होती. उभा जन्म सरकारी दफ्तरखान्यात दुसऱ्यांचे निकाल कपाटात लावण्यात गेलेल्या माणसाला आज निकाल द्यायचा होता.

"या खोलीत सेक्रेटरी नाही," त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. "सेक्रेटरी बाहेर गेलाय असं समजा. गरज पडली तर त्याला बोलावू. ही 'अमान्य'ची दुरुस्ती कुणाची?"

अनुस्वाररावांनी घसा साफ केला. "टायपि..."

सेक्रेटरींनी समासातली लाल आद्याक्षरं त्यांच्यापुढे धरली.

"माझी," अनुस्वारराव म्हणाले. दाराशी बायको उभी होती. सेक्रेटरींनीच तिला बोलावणं धाडलं होतं. गळ्यात मोजायची टेप तशीच होती. तिनं नवऱ्याकडे एकदाच पाहिलं.

वकीलसाहेबांनी आपली बाजू मांडली. मी गैरहजर होतो हे खरं, पण हजर असतो तरी खटला हरलोच असतो, कारण खटल्यात दम नव्हता. सबब माझ्यामुळे अशिलाचं काही गेलं नाही. सबब फाइल देण्याचं कारण नाही.

"म्हणजे मला आधी हे ठरवावं लागणार, की मूळ खटल्यात दम होता की नाही," सेक्रेटरी सावकाश म्हणाले. "त्यासाठी दुसऱ्या बाजूची साक्ष लागेल. सेक्रेटरीला बोलवा."

कुणाला काही कळेना. सेक्रेटरी हाताच्या खुर्चीतून उठले, कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टांगला आणि प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसले. पुन्हा उठले, कोट घातला, पलीकडे बसले आणि विचारलं, "खरं बोलाल?" पुन्हा कोट काढून अलीकडे आले. "बोलेन साहेब."

वकीलसाहेब हसायला गेले, पण कोणीच हसत नाही असं पाहून त्यांनी तोंड मिटलं.

"वर्गाबद्दल तुमची तक्रार काय? आवाज?" कोटवाल्यानं विचारलं.

बिनकोटवाल्यानं टेबलावरच्या हिरव्या कापडाची सुरकुती सारखी केली. "मशीनचा नाही साहेब," तो म्हणाला. "मशीन चालतात, चालू देत. हसण्याचा. दुपारी मी एकटा जेवायला बसतो आणि खालून सगळ्या एकदम हसतात. रोज. मी जिन्यात दिसलो की गप्प होतात. मला माहीत आहे, माझ्यावर हसतात. माझ्या चालण्यावर, नाहीतर एकटा राहतो म्हणून." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि न वापरताच परत ठेवला. "रोज कुणी आपल्यावर हसलं तर घास गिळत नाही हो साहेब."

खाली स्कूटर फुरफुरत होती. मग कोट पुन्हा अंगात गेला आणि सेक्रेटरी अनुस्वाररावांच्या बायकोकडे वळले. "बाई, वर्ग तुमचा. तुम्हीच सांगा. कशावर हसता?"

तिनं टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"कामाच्या गप्पा असतात," ती कशीबशी म्हणाली.

"कामाच्या गप्पांवर रोज इतकं हसू येतं?" वकीलसाहेब ताडकन उठले. "पाहिलंत ना लवादसाहेब? सांगत नाहीत! सांगायला तोंडच नाही! तुमच्यावरच हसतात, दुसरं काय? अशा वर्गाच्या बाजूनं कोण निकाल देईल?"

सेक्रेटरींच्या कपाळावर आठी चढली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागद पुढे ओढला.

अनुस्वाररावांनी बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती, आणि ती सेक्रेटरींना घाबरून नव्हे, तर आपल्याकडे बघायचं टाळतेय, हे त्यांच्या लक्षात आलं. दार लावलेल्या आतल्या खोलीतल्या सगळ्या दुपारी त्यांना एकदम आठवल्या. कुणीतरी हळूच काही सांगतंय, एक क्षण शांतता, आणि मग हसण्याचा तो लोट. चहा मागायला बाहेर आलं की सगळ्या तोंडात टाचण्या धरून गप्प. त्यांचे कान तापले. वर्ग वाचवणारं एक वाक्य बायकोच्या ओठांवर होतं आणि नवऱ्याची अब्रू राखायची म्हणून ती ते गिळून बसली होती.

"लवादसाहेब," अनुस्वारराव उभे राहिले. "त्या माझ्यावर हसतात."

"अहो..." बायको म्हणाली.

"राहू दे गं."

"पुरावा?" सेक्रेटरींनी मान वर न करता विचारलं.

"आमचं लग्न ठरल्यावर हिनं मला एक पत्र लिहिलं होतं," अनुस्वारराव म्हणाले. "मनातलं होतं. पहिलंच. मी ते... मी ते तपासून परत पाठवलं."

पेन थांबलं. "तपासून?"

"लाल पेनानं. 'तुमची आठवण येते' यात तिनं 'आठवन' लिहिलं होतं. तीन ठिकाणी. तिन्ही ठिकाणी मी 'ण' केला. आणि खाली शेरा मारला."

"काय शेरा?"

अनुस्वाररावांनी एकदा छताकडे पाहिलं. "भावना ठीक. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे."

मग बायकोच्या खांद्यांना हलका हिसका बसला. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला, पण हसू बाहेर आलंच. "आणि सही केली होती हो साहेब!" ती म्हणाली. "समासात. प्रत्येक 'ण'शेजारी आद्याक्षरं! मी ते वर्गात सांगितलं, तर एकीनं शिवता शिवता बाहीऐवजी खिसाच जोडला. तेव्हापासून रोज म्हणतात, मॅडम, आज काकांनी काय तपासलं ते सांगा. आणि हे रोज काहीतरी तपासतातच! परवा आमटी फार आंबट झाली म्हणून चिठ्ठी ठेवली, तर चिठ्ठीत आधी स्वतःचीच चूक खोडली!"

सेक्रेटरींच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. इमारतीत तो आवाज याआधी कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे वकीलसाहेबांना वाटलं, यांना ठसका लागला, आणि ते पाणी द्यायला धावले. पण ते हसत होते. कोट अंगात असताना हसणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी घाईघाईनं कोट काढला, प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"आद्याक्षरं!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "प्रत्येक 'ण'शेजारी!"

अनुस्वारराव मधोमध उभे होते. चुकीची दाढ उपटली होती त्या दिवशीही त्यांना इतकं उघडंवाघडं वाटलं नव्हतं. पण बायको हसत होती, आणि ती महिनाभरात पहिल्यांदा हसत होती.

मग सेक्रेटरींनी तोंड पुसलं, कोट चढवला आणि निकाल वाचला. प्रतिवादीची, म्हणजे सेक्रेटरीची, मूळ तक्रार गैरसमजातून झाली असून त्याची बाजू अगदीच लंगडी होती. सुनावणीला वकील हजर असता तर खटला जिंकला असता. सबब वकिलानं मूळ परवानगीपत्रासह फाइल याच क्षणी परत करावी.

वकीलसाहेब पांढरेफटक पडले, पण क्षणभरच. मग ते हात जोडून पुढे झाले. "लवादसाहेब, काय न्याय केलात! स्वतःच्या विरुद्ध निकाल! असा थोर माणूस मी पाहिला नाही. तुम्ही मला मान्य आहात. मनापासून मान्य! आणि एकविसाव्या कलमाप्रमाणे लवाद अमान्यच हवा, म्हणजे तुम्ही बाद, आणि निकालही बाद."

खाली मेहुण्यानं हॉर्न वाजवला.

सेक्रेटरींनी चष्म्यावरून वकिलाकडे पाहिलं. "मी तुम्हाला मान्य आहे म्हणता?"

"पूर्ण मान्य."

"मग मान्य माणूस फाइल मागतोय, ती द्या. आणि मान्य नसेन, तर निकाल अंतिम आहे, तरी द्या. दोन्हीतलं काय ते तुम्हीच ठरवा. मी थांबतो."

वकीलसाहेब आधी डावीकडे वळले, मग उजवीकडे. मग त्यांनी बॅग उघडली.

"आणि तुम्ही, काका?" सेक्रेटरींनी अनुस्वाररावांना विचारलं. "तुमचं काय म्हणणं? नोंद करायची आहे."

अनुस्वाररावांना त्या माणसाचे हात हातात घ्यावेसे वाटत होते. पण कलम कलम होतं, आणि ते त्यांच्याच आद्याक्षरांनी झालेलं होतं. फाइल छातीशी धरून ते ताठ उभे राहिले.

"अमान्य," ते कसेबसे म्हणाले. "तुम्ही मला अजिबात मान्य नाही हो, साहेब."

अपील कचेरीची खिडकी बंद होण्याआधी पोचलं. पुढच्या तारखेला सेक्रेटरी स्वतः हजर राहिले, कोटाशिवाय, आणि आपली काही हरकत नाही असं सांगून आले. मशीनवरच्या चादरी धुऊन कपाटात गेल्या. सासरच्यांनी घरी बसवलेली मुलगी परत आली.

अनुस्वारराव दुपारी अजून आतल्या खोलीत दार लावून पडतात. पुढच्या खोलीत मशीन चालू असतात. मध्येच सगळी थांबतात, बायकोचा आवाज हळू होतो, आणि मग हसण्याचा लोट उठतो. ते डोळे मिटून घेतात आणि वाट बघतात. वर एक खुर्ची सरकते, कुणीतरी ताट बाजूला ठेवून जमिनीला कान लावतं, आणि थोड्या उशिरानं, एकट्याचं, छतातून हसू खाली येतं. ते आलं की मग अनुस्वाररावांना झोप लागते.